हरलेल्यांची शिट्टी

चेंडू माझ्या हाताला लागला होता. कोपराच्या जरा वर, दंडाला. तिथं लाल वळ उठला होता आणि तो जाईपर्यंत मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून कंपनीत जात होतो.

हे आधीच लिहून टाकतो. पेडणेकरकाकांवर लिहायला मी याआधीही बसलो आहे. दर वेळी त्यांच्या गमती सांगत पुढं जातो आणि या जागेपाशी आलो की मला काहीतरी दुसरं काम आठवतं. म्हणून या वेळी उलटं करतो. हात माझा, खोटं माझं, आणि त्याची शिक्षा भोगली ती ज्यांच्या घरी मी सिल्वासात आल्या आल्या कित्येक महिने जेवलो त्या माणसानं. आता काकांविषयी सांगता येईल.

काका जमीन मोजणीच्या खात्यात होते. मूळचे मालवणकडचे. ठेंगणे, सावळे, पोट थोडं सुटलेलं, पण चालायला लागले की आम्हा तरुणांना धाप लागायची. दिवसभर शेतं तुडवायची सवय. रविवारी ते फुटबॉलचे रेफ्री असत. त्यासाठी वेगळा पोशाख त्यांनी कधी घेतला नाही. ऑफिसचीच पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले. शिट्टी बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात. त्यांचं पिवळं कार्ड एकदा पावसात भिजून त्याचा लगदा झाला, तेव्हापासून काकूंनी दिलेला हळदीच्या खोक्याचा पुठ्ठा ते खिशातून काढून दाखवायचे. ज्याला दाखवला त्याला प्रेक्षक ओरडून विचारायचे, "हळद लागली रे! लग्न कधी?" लाल कार्ड त्यांच्याकडं नव्हतंच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कशाला? घरी जा म्हटलं की माणूस जातो." आणि खरंच जायचा.

मी शिरपूरकडचा. यार्नच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इथं आलो. खोलीत आम्ही खानदेशातले बरेच जण, स्वयंपाक कुणालाच धड येत नव्हता. कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत मी चेंडू खेळताना काकांनी पाहिलं आणि संध्याकाळी घरी घेऊन गेले. काकूंनी बांगड्याचं तिखलं वाढलं. मी मासा पहिल्यांदाच खात होतो, ते सांगायची लाज वाटली, आणि पहिल्याच घासाला काटा घशात गेला. काकूंनी भाताचा गोळा गिळायला दिला. काका हसत बसले होते. "अरे सुनल्या, खावचा कसा ता विचार मा! विचारूक लाज कसली?" त्या दिवसापासून मी सुनीलचा सुनल्या झालो.

सिल्वासात तेव्हा दोन क्लब. किनारा म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीचा आणि आसपासच्या गावांचा. त्यात खेरडी, सुरंगीची वारली-कोकणा पोरं, काही गुजराती दुकानदारांची मुलं. दुसरा आमचा श्रमिक, कारखान्यांतल्या परप्रांतीयांचा. काका श्रमिककडून खेळत आले होते, म्हणून आमचे. दिवाळीला गावी गेलेले लोक परत आले की दोन क्लबांचा वार्षिक सामना व्हायचा. किनाऱ्याचे लोक टेम्पो भरून यायचे, भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकत. आमचे लोक सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणायचे आणि त्यातून भोंग्यासारखं ओरडायचे. सोमवारी मात्र दोन्हीकडचे लोक एकाच मशिनवर उभे असायचे. म्हणजे हरलेल्याला सुटका नव्हती. किनाऱ्याचा कप्तान रमण आमच्याच कंपनीत पॅकिंगला होता. मी सुपरवायझर. पण सामन्यानंतरचा आठवडाभर तोच माझा साहेब. "सुनीलभाई, आज उत्पादन कमी लागे छे. काल थकून गेलात काय?"

या सामन्याची एक जुनी रीत होती. मागच्या वर्षी जो क्लब हरला, शिट्टी त्याच्या माणसाची. पूर्वी कधीतरी दोन्ही क्लबांनी आपापला रेफ्री आणला आणि भांडता भांडता अंधार पडला, तेव्हा जाणत्यांनी हे ठरवलं म्हणतात. जिंकलेल्याकडं ढाल, हरलेल्याकडं शिट्टी. आणि हरलेल्या क्लबाचा माणूस आपल्याच पोरांवर जास्त कडक राहायचा, कारण शिट्टीची अब्रू क्लबाची अब्रू. आम्ही बहुतेक हरायचो, म्हणून काका बहुतेक रेफ्री. किनाऱ्यावाले म्हणायचे, "तुम्ही हरता तेच बरं. काका तरी मिळतात."

काकांना लाइनमन नसायचे. डोळ्यांसमोरचं ते बघायचे, पण शंका आली की खेळ थांबवून त्या खेळाडूपाशी जायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि कानाशी विचारायचे. तो जे सांगेल तो निर्णय. बाहेरून आलेल्या लोकांना हे बघून हसू यायचं. पण काकांना खोटं सांगणं कुणाला जमत नसे. "मी बाहेरसून बघतंय," ते म्हणायचे, "तू आतसून." मोजणीतही त्यांचं हेच. गलोंड्याला दोन भावांचा बांधाचा तंटा होता. काकांनी यंत्र पेटीतून काढलंच नाही. थोरल्याला म्हणाले, तुझ्या मते बांध जिथं आहे तिथं जाऊन उभा राहा. मग धाकट्याला. दोघे उभे राहिले तर मध्ये जेमतेम एका बैलगाडीची वाट. काका म्हणाले, "भांडण एवढंच. बाकीची जमीन शांत आहे." दोघेही हसले आणि मग मोजणी झाली.

आणखी एक गोष्ट. कुणी काकांच्या कानात काय सांगितलं, ते काका कुणाला सांगत नसत. हे मला ठाऊक होतं, कारण मी स्वतः अनुभवलं होतं. क्लबात नवा असताना एका साध्या सामन्यात मी प्रतिस्पर्ध्याला मागून पाडलं. काकांना नीट दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो. पेनल्टी गेली, आम्ही हरलो. आमचा गोलकीपर खवळला, "कोणी सांगितलं पाडला म्हणून?" काका म्हणाले, "मी बघितलं." एवढं बोलून ते नेहमीसारखे आधी हरलेल्यांत येऊन बसले. ते नेहमी हरलेल्यांत आधी बसायचे. काही उपदेश नाही, समजूत नाही. सेव-खमणीचा कागद पुढं सरकवायचा आणि कुणाच्या तरी पायाला चिकटलेली माती बघत बसायचं. मग उठून जिंकलेल्यांकडं.

त्या वर्षी कप्तान मी होतो. सलग हरत आलो होतो. माझी खेळायची वर्षं संपत आली होती आणि एकदा तरी ढाल आणायची, हे माझ्या डोक्यात असं बसलं होतं की घरात बायकोशीही मी दुसरं बोलत नव्हतो. आम्ही एका गोलनं पुढं होतो. थोडाच वेळ राहिला होता. रमण उजवीकडून आत आला आणि त्यानं जोरात मारला. मी आडवा गेलो. चेंडू दंडावर आदळला, खाली पडला आणि आमच्या गोलकीपरनं छातीशी धरला.

"हाथ हतो! हाथ हतो!" अख्खा किनारा ओरडला. नळ्यांचा आवाज बंद झाला. काकांनी शिट्टी वाजवली आणि माझ्याकडं आले. खांद्यावर हात ठेवला.

"सुनल्या, लागलो?"

मी म्हणालो, "नाही काका."

त्यांनी हात लगेच काढला नाही. मला वाटतं ते वाट बघत होते. मग त्यांनी खेळ पुढं चालू केला. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेऊन लोक नाचले. काका नेहमीसारखे हरलेल्यांत जाऊन बसले, तर किनाऱ्याची पोरं एकेक करून उठली. हे मी वरून, लोकांच्या खांद्यांवरून पाहिलं. सेव-खमणीचा कागद मांडीवर घेऊन काका एकटे बसले होते.

सुरंगीच्या कुणीतरी टेम्पोच्या टपावरून मोबाइलवर शूटिंग केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावात फिरलं. हात स्वच्छ दिसत होता. त्यानंतर काका माझ्याशी बोलतात, हेही दिसत होतं. लोक म्हणाले, "बघा, विचारायचं नाटक. त्यांचाच माणूस, त्यांच्याच माणसाला विचारतो." दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात कुणीतरी पेढ्यांचा खोका आणि झेंडूचा हार ठेवून गेलं. वर लिहिलं होतं, श्रमिकच्या बाराव्या खेळाडूला. मी पोचलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. काका म्हणाले, "अन्न आहे, टाकायचं नाही." शेजारी वाटून आले. एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

मग दोन्ही क्लबांची बैठक झाली, मैदानाशेजारच्या शेडमध्ये. रमण सरळ माणूस. तो भांडायला आला नव्हता. त्यानं मला विचारलं, "सुनीलभाई, काकांनी तुला पूछलं तेव्हा तू काय बोलला? एवढंच सांग. तू खोटं बोलला असशील तर तुझी चूक, काकांची नाही. आपण काकांना परत मानू."

किती सोपं करून दिलं होतं त्यानं. आमच्या मागं आमचे लोक उभे होते, ज्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मी म्हणालो, "मला कळलंच नाही बॉल कुठं लागला. तसंच सांगितलं मी काकांना. पुढचं त्यांनी ठरवलं."

मैदानावरचं खोटं एका क्षणाचं होतं, ते मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. हे खोटं मी विचार करून बोललो. काका सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यावर विसंबूनच बोललो.

रमण काकांकडं वळला. "काका, तुमीच बोला ने."

काका जमिनीकडं बघत होते. म्हणाले, "शिट्टी माझी होती."

बस. रमण त्यांच्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे दिसलं होतं तरी सोडलं?" काकांनी मान वर केली नाही. रमण उठला. जाता जाता त्याचे डोळे भरले होते, आणि ते सामना हरल्यामुळे नव्हते. "आमी तुमाला आमचे काका मानत होतो," एवढं बोलून तो गेला.

पुढच्या वर्षी शिट्टी किनाऱ्याची होती, कारण ते हरलेले. त्यांनी ती नाकारली. बाहेरून, वापीहून रेफ्री आणला, त्याच्याबरोबर झेंडेवाले लाइनमन. जुनी रीत तिथंच मोडली. तो रेफ्री चांगला होता. खरं लाल कार्डही होतं त्याच्याकडं. कुणाला काही विचारायचा नाही.

काकांनी मैदान सोडलं. रविवारी ते घरीच असत, काकूंना भाजी निवडून देत. बाजारात जायचं तर मैदानाचा रस्ता टाळून लांबून जात. पोरं मागून तोंडानं शिट्टी वाजवायची. तेही त्यांनी सहन केलं असतं. पण सुरंगीला मोजणीला गेले असता ज्याची जमीन होती तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्या माणसाला पाठवा. तुमच्या मापावर आमचा विश्वास नाही." हे मला काकूंनी सांगितलं. "आयुष्यभर ह्यांना कोणी असा बोलला नव्हता रे," त्या म्हणाल्या. "तू तरी येत जा." म्हणजे काकूंना माहीत नव्हतं. काकांनी घरातही सांगितलं नव्हतं.

मी जात राहिलो. लोकांना वाटायचं, बघा, सगळ्यांनी सोडलं तरी हा जातो. मीही तसं वाटू दिलं. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. काका कंपनीतलं विचारायचे, माझ्या मुलीची शाळा विचारायचे. चहा पिऊन परत यायचो. अशी वर्षं गेली.

ते निवृत्त झाले आणि गावी परत जायचं ठरलं. सामान भरायला मी गेलो. टेम्पोवाला बाहेर दोर बांधत होता, काकू शेजारणीला तुळशीची कुंडी देत होत्या. आत रिकाम्या खोलीत आम्ही दोघेच. मी म्हणालो, "काका, लागला होता."

त्यांनी कुठला, कधी, असं काही विचारलं नाही. खिडकीची कडी लावत म्हणाले, "माका म्हायत होता."

"तुम्ही बघितलं होतं?"

"समोरच तर होतो मी."

"मग पेनल्टी का नाही दिलीत?"

"विचारलं होतं ना तुला." ते माझ्याकडं वळले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "विचारल्यावर मग उत्तर मानायचं. नाहीतर विचारायचं कशाला? मला वाटलं, तू सांगशील. खांद्यावर हात होता माझा. मला वाटलं, आता सांगेल."

"आणि बैठकीत?"

"कानात सांगितलेलं गावात सांगितलं, तर पुढच्याला खरं कोण सांगेल?"

मी रडायला लागलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी धरून उठवलं. "मला सांगून काय करू मी? मला तर माहीत होतं. रमणला माहीत नाही. त्याच्याकडं जा." मग, जणू फारच बोललो असं वाटून, म्हणाले, "त्या पोराच्या मनात फार खोल गेलंय ते. माझ्याकडं बघत पण नाही तो."

मी म्हणालो, उद्याच जातो.

टेम्पो निघाला. काका ड्रायव्हरच्या बाजूला बसले होते, काकू मधे. टेम्पो मैदानाच्या रस्त्याला वळला, कारण सामानाच्या गाडीला दुसरा रस्ता नव्हता. मैदानावर किनाऱ्याची पोरं सराव करत होती. काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मागं वळून बघत राहिले. टेम्पो पुलाच्या चढाला लागेपर्यंत ते पांढरं डोकं मला दिसत होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रमणकडं गेलो नाही. पॅकिंगमध्ये तो रोज भेटायचा. "केम सुनीलभाई," म्हणायचा आणि मी पुढं जायचो. मग एका दुपारी काकूंचा फोन आला. "गेले रे. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तसेच." मग म्हणाल्या, "तिकडच्या मैदानावर सगळ्यांना सांग. त्यांचं सगळं तिथंच होतं."

वार्षिक सामना जवळ आला होता. आमच्या क्लबानं सुचवलं, सामन्याआधी दोन मिनिटं शांत उभं राहू. किनाऱ्यावाले सरळ नाही म्हणाले नाहीत. पण सामन्याच्या दिवशी माइकवरून काकांचं नाव घेतलं गेलं, आमचे लोक उभे राहिले, आणि किनाऱ्याचे लोक गवतावर बसून राहिले. खेळाडू, मागचे प्रेक्षक, तारप्यावाला, सगळे. रमण पुढं बसला होता, आता खेळत नसे, प्रशिक्षक झाला होता. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसतं बसून राहणं त्यापेक्षा वाईट होतं.

मी माइक मागून घेतला. समोर माझी मुलगी बसली होती, कंपनीतले लोक होते.

"मी सुनील," मी म्हणालो. "त्या सामन्यात बॉल माझ्या हाताला लागला होता. काकांनी मला विचारलं, मी नाही म्हणालो. त्यांना दिसलं होतं, तरी त्यांनी माझा शब्द मानला, कारण ते नेहमी तसंच करत आले होते. तुमच्यासाठीही तसंच केलं होतं. मग बैठकीत रमणभाईनं मला विचारलं, तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोललो आणि सगळं काकांवर ढकललं. ते गप्प बसले. मी काय सांगितलं होतं ते त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. तुम्ही त्यांना जे जे म्हणालात, ते सगळं माझं आहे."

रमण उभा राहिला. मला मारायला की काकांसाठी, हे मला कळलं नाही. मी बोलत राहिलो.

"रमणभाई, तुमच्याकडून मी काका हिरावून घेतले. मला माफ करा म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणतो. आणि काका, तुम्ही खांद्यावर हात ठेवून थांबला होता, तेव्हा मला सांगता आलं असतं. माझं चुकलं. मला माफ करा."